पहिल्या फेरीचं माणूस

होडी अंगणात आणली तेव्हा तिच्या तळात गेल्या पावसाची माती साठली होती आणि मातीत गवत उगवलं होतं. शिपायांनी ती ओंडक्यांवरून ढकलत आणली, दारासमोर पालथी घातली आणि ते विहिरीवर पाणी प्यायला गेले. फौजदार मात्र उभाच राहिला. गावात त्याला ‘होसाहेब’ म्हणत. गोऱ्या कप्तानासमोर त्याच्या तोंडून दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता.

“अमावास्येच्या भरतीला आगबोट येतेय,” तो म्हणाला. “तोवर ही तरंगली पाहिजे.”

म्हातारा होडीभोवती फिरून आला. साऱ्या खाडीकाठी त्याला ठोक्या म्हणत. फळीवर लाकडी मोगरी ठोकून, नुसत्या आवाजावरून तो सांधा पक्का की कच्चा ते सांगायचा.

“बाकीच्या होड्या कुठं गेल्या?” त्यानं विचारलं.

हे त्यालाही माहीत होतं आणि फौजदारालाही. काही सरकारनं जाळल्या, माणसं पळून जाऊ नयेत म्हणून. उरलेल्या होड्या गावच्या माणसांनीच जाळल्या, सरकारच्या हाती लागू नयेत म्हणून.

“धक्का बांधून झाला असता तर होडी लागलीच नसती,” फौजदार म्हणाला. “आगबोट थेट धक्क्याला लागली असती. तुमच्या टेकडीवरच्या बाबांनी वेठ बंद करायला लावली, आता भोगा. त्यांना समुद्रापार धाडायचंय, आगबोटीपर्यंत न्यायलाच होडी पाहिजे.”

म्हाताऱ्याची सून दारात बसून जुन्या दोरखंडाचा काथ्या पिंजत होती. तिची बोटं थांबली.

“आणि हे बघ,” फौजदार आता तिच्याकडे बघून बोलला. म्हाताऱ्याचा खांदा कामातून गेल्याचं आणि मोगरी आता सुनेच्या हातात असल्याचं त्यालाही ठाऊक होतं. “होडी पाण्यात उतरली की त्याच सकाळी तुझा नवरा सुटेल. कप्तानसाहेबांनी शब्द दिलाय.”

“आणि नाही उतरली तर?”

“तर आगबोटीत जागा पुष्कळ आहे.”

तो गेल्यावर सासूबाई आतून बाहेर आल्या. “ऐकलंस ना? मग बसलीस काय? आण तुझी ती छिन्नी.”

“अहो आत्याबाई, बाबांना न्यायचीय ती होडी.”

“बाबा देवाचा माणूस आहे. देव बघेल त्याचं. माझ्या मुलाचं कोण बघणार? ह्या म्हाताऱ्याच्या तोंडातून तर शब्द फुटत नाही, नाहीतर तेव्हाच मुलाला म्हणाला असता, जाऊ नको म्हणून.”

म्हातारा पालथ्या होडीखाली हात घालून बसला होता. तो तळातलं गवत उपटत होता.

टेकडीवरच्या बाबांनी वेठ बंद करा म्हणून सांगितलं, तेव्हा धक्क्याचं काम एका सकाळी थांबलं. माणसं पाट्या तशाच टाकून निघून गेली. मग सरकारनं कोठारातलं धान्य बंद केलं. पुन्हा सगळे टेकडीवर गेले. बाबा म्हणाले, हात रिकामे ठेवा, वर धरा आणि कोठाराकडे चालत जा. रिकाम्या हातांवर कोणी गोळी झाडत नाही. लोक गेले. गोळी झाडली गेली. तेल्याचा मुलगा कोठाराच्या पायरीवर पडला, आणखीही पडले. सुनेच्या नवऱ्याला मागून दंडुका बसला आणि त्याला फरपटत सरकारी गढीत नेलं. बाबा डोंगरात राहून पाऊसभर लोकांना उठवत राहिले. शेवटी सरकारनं गावोगावची घरं जाळायला घेतली, तेव्हा ते स्वतःहून खाली उतरले आणि गढीत कैद झाले.

कामाला लागल्यावर होडीची हालत कळली. बाजूच्या फळ्या धड होत्या, तळाच्या वाळून आकसल्या होत्या. जुना काथ्या कुजून त्याची पूड झाली होती. सुनेनं आकड्यानं एकेक फट उकरून साफ केली, आत बोट फिरवून पाहिली. काथ्या पिळून त्याची वात केली, फटीवर धरली आणि बोथट छिन्नी ठेवून वर मोगरी मारत पुढे सरकत गेली. काथ्या कमी पडला तर पाणी येतं. जास्त झाला तर पाण्यात फुगतो आणि फळीच उचकटतो. ते माप सांगता येत नाही, मोगरी परत किती उसळते त्यावरून मनगटाला समजतं. वरून राळ आणि तेल उकळून ओतायचं. संध्याकाळी तिचे हात खांद्यापासून लोंबत आणि जेवताना घास तोंडापर्यंत न्यायला दुसऱ्या हाताचा टेकू लागे.

विहिरीवर बायका तिला पाहून बाजूला होऊ लागल्या. कोणी काही बोलत नसे. फक्त तिची घागर भरेपर्यंत विहिरीवर दुसरं कोणी थांबत नसे. एके दिवशी अंगणातल्या काथ्याच्या ढिगावर कोणीतरी शेण टाकलं. तिनं ते उचललं आणि काथ्या पुन्हा धुऊन वाळत घातला.

“राळ आहे, तेल नाही,” म्हातारा म्हणाला. “तेली देणार नाही.”

पण तेली आपणहून आला, भर दुपारी, तेलाचं मडकं खांद्यावर घेऊन. मुलगा गेल्यापासून त्यानं दाढी केली नव्हती आणि घाणा फिरवायला बैल नसल्यानं स्वतःच जोखडाला लागत होता. मानेवर त्याचा घट्टा पडला होता. म्हातारा मागच्या दारी झोपला होता.

“तेल घे,” तो म्हणाला आणि होडीच्या सावलीत बसला. “कुठवर आलंय?”

“दोन सांधे राहिलेत, काका. तळाचे.”

“तळाचे.” त्यानं फळीवर हात ठेवला. “एक कच्चा राहू दे.”

तिनं छिन्नी खाली ठेवली.

“ऐकून घे. भरतीला होडी निघेल. वाळूच्या दांड्यावरून जावंच लागतं, तिथं पाणी गळ्याइतकं. आम्ही जाळी घेऊन उभे राहू, मासे धरतोय म्हणून. होडी तिथं भरली की शिपायांच्या बंदुका भिजल्या. बाबांना उचलायचं आणि दांड्यानं पलीकडच्या झाडीत न्यायचं. कोणी मरत नाही. होसाहेब थोडं खारं पाणी पिईल, पिऊ दे.”

“आणि माझ्या नवऱ्याचं काय?”

“तुझा नवरा होडी उतरली की सुटणार, असंच ना? होडी तर उतरेल. बुडेल नंतर. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.”

“काका, तळाचा शेवटचा सांधा माझ्या हातचा. पहिल्या फेरीला मला बसावं लागेल.”

या धंद्याची ती रीतच होती. शेवटचा सांधा ज्याच्या हातानं बुजेल त्यानं मोगरी आणि काथ्या घेऊन पहिल्या फेरीला होडीत बसायचं. त्याशिवाय कोणी होडी ताब्यात घेत नसे. ठोक्या जन्मभर असा बसत आला होता.

“तुला पोहता येतं,” तेली म्हणाला. “माझ्या मुलालाही येत होतं. उपयोग झाला नाही, एवढंच.” उठताना त्याला होडीचा आधार घ्यावा लागला. “तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण बाबा समुद्रापार गेले, तर माझा मुलगा कशासाठी गेला, ते मला कोणी सांगायला उरणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तिनं शेवटच्या सांध्यात काथ्या नुसता बसवला, ठोकला नाही. पिठात दिव्याची काजळी मळून काळा गोळा केला आणि राळेऐवजी तो वर दाबून भरला. अंगठ्यानं गुळगुळीत केला, तेलाचा हात फिरवला. बाकीच्या सांध्यांत आणि यात डोळ्यांना फरक दिसत नव्हता. पीठ भिजायला वेळ घेईल, मग एकदम सुटेल. किती वेळ घेईल ते तिनं पाण्याच्या बादलीत गोळा टाकून पाहिलं होतं.

संध्याकाळी म्हातारा मोगरी घेऊन आला. डाव्या हातानंच, हळूहळू, प्रत्येक फळी वाजवत कण्यापासून कडेपर्यंत गेला. टण, टण, टण. शेवटच्या सांध्यापाशी आवाज बदलला. त्यानं तिथंच पुन्हा ठोकलं. मग त्यानं सांध्यावरून अंगठा फिरवला.

“उद्या मी बसतो होडीत,” तो म्हणाला.

“हात माझा आहे, मामंजी. मीच बसणार.”

“माझं वय झालंय.”

“आणि तुमचा खांदा गेलाय. पोहाल कसे?”

पोहण्याचं नाव तिच्या तोंडून निघून गेलं होतं. म्हाताऱ्यानं मोगरी तिच्या हातात दिली आणि घरात गेला.

सकाळी अर्धा गाव काठावर होता. अर्धवट राहिलेल्या धक्क्याचे खांब पाण्यातून वर आले होते, त्यांवर पक्षी बसले होते. होडी पाण्यात गेली, तरंगली. सून मागच्या बाजूला तळाशी बसली, पाणी उपसायचं भांडं पायाशी घेऊन. सांधा तिच्या उजव्या टाचेपासून वीतभर अंतरावर होता. वल्ह्यांवर गावचीच धरून आणलेली माणसं होती. दांड्याच्या बाजूला, दूर, जाळी घेतलेली डोकी दिसत होती.

गढीच्या वाटेनं बाबांना आणलं. तिनं त्यांना नेहमी टेकडीवर, खालून वर पाहिलं होतं. आता दिसलं ते हे, की ते बुटके आहेत, हात पुढं बांधलेले आहेत, पायांना सूज आहे आणि चालताना ते जमिनीकडे बघतात. काठावरचे लोक गुडघ्यांवर बसले. बाबांनी होडीच्या कडेला बांधलेले हात लावले आणि ते क्षणभर तिथंच थांबले. पाण्याची भीती वाटणारं माणूस थांबतं तसेच. शिपायांनी त्यांना काखेत धरून आत घेतलं आणि तिच्यासमोर बसवलं. वस्त्र वर सरकलं तेव्हा तिला घोट्यांतल्या बेड्या दिसल्या.

फौजदारानं साखळी घेतली, बेड्यांतून ओवली, होडीच्या लाकडी बरगडीभोवती वळवली आणि कुलूप लावलं.

“हे कशाला?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“कप्तानसाहेबांचा हुकूम. उडी मारली तर? किल्ली आगबोटीवर आहे.”

तिनं काठाकडे पाहिलं. त्याच वेळी गढीचं दार उघडून एका माणसाला बाहेर सोडलं होतं. डोकं भादरलेलं, हात अंगापासून लांब धरलेले. चालीवरून तिनं नवऱ्याला ओळखलं. सासूबाई त्याच्याकडे धावत होत्या. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. होडीत बसलेल्या बायकोकडे बघत होता.

वल्ही पडली.

ओरडावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण ओरडून काय सांगणार? सांधा आपणच कच्चा ठेवलाय म्हणून? मग सुटलेला नवरा परत आत, मामंजीही आत. मोगरी मांडीवर होती, काथ्या कमरेला होता. ठोकायला लागली असती तर फौजदारानं वळून पाहिलं असतं आणि छिन्नीच्या टोकाखाली काळं पीठ निघालं असतं.

तळात पाणी दिसू लागलं. आधी नुसतं ओलं, मग बारीक काळसर धार. पीठ सुटत होतं. तिनं डोक्याचं फडकं सोडलं, घाम पुसल्यासारखं केलं, मांडीखालून खाली सरकवलं आणि अंगठ्यानं फटीत कोंबलं. वर टाच दाबली. पाठ मागच्या फळीला लावली आणि सगळा भार पायावर घेतला. पाणी कमी झालं, थांबलं नाही. डाव्या हातानं ती भांड्यानं पाणी बाहेर टाकत राहिली.

“गळतेय का गं?” फौजदारानं पुढून विचारलं.

“नव्या काथ्याला पहिलं पाणी लागतंच, साहेब. लाकूड फुगलं की बसेल.”

“हो,” तो सवयीनं म्हणाला आणि पुन्हा समोर बघू लागला.

बाबांचं वस्त्र तळाशी काळं झालं होतं. ते त्या काळ्या पाण्याकडे बघत होते, मग त्यांनी तिच्या टाचेकडे पाहिलं. त्यांचा आवाज अगदी हळू होता, वल्ह्यांच्या आवाजाखाली.

“हे मुद्दाम केलंयस?”

तिनं मानेनंच हो म्हटलं.

“दांड्यावरची माणसं त्यासाठी आहेत?”

“तुमच्या पायांत बेड्या असतील हे कोणालाच सुचलं नाही, बाबा. टेकडीवर तुम्हाला कधी कोणी बांधलेलं पाहिलं नव्हतं.”

बाबांनी दांड्याकडे पाहिलं. पाण्यात उभी असलेली माणसं आता ओळखू येत होती. तेली सगळ्यांत पुढे होता.

“पाय काढ,” बाबा म्हणाले.

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“पाय काढ, पोरी. त्यांच्यासमोर होऊ दे. समुद्रापार मी नुसता म्हातारा होईन. कोणाच्या तरी अंगणात कोंबड्या हाकत बसेन. इथं गेलो तर हा काठ पुन्हा उठेल.”

हे ते शांतपणे बोलले. टेकडीवर बोलायचे तसंच. तो आवाज ऐकून माणसं पाट्या टाकून निघाली होती आणि हात वर धरून चालत गेली होती. तिचीही टाच क्षणभर सैल झाली. टाचेखालून पाणी उसळलं.

तिनं टाच पुन्हा दाबली. फळीची कड कातडीत रुतली.

“नाही,” ती म्हणाली.

“मी सांगतोय तुला.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून एकदा गेले सगळे. पुढं उभा आहे ना, तो तेली, त्याचा मुलगा पहिल्या रांगेत होता. तुम्ही गेलात तर हे पुन्हा जातील, हात वर करून.” तिला धाप लागत होती. “माझा नवरा आज सुटलाय. तो उद्या पहिल्या रांगेत असेल. मी पाय काढणार नाही, बाबा. शाप द्यायचा तर द्या.”

बाबांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, पण ती प्रार्थना होती की आणखी काही, ते तिला कळलं नाही. होडी दांड्यापाशी आली. तेली गळ्याइतक्या पाण्यात होता, जाळं हातात होतं, टाकलेलं नव्हतं. तो बाबांकडे बघत नव्हता. तो होडीकडे बघत होता, ती पाण्यात किती खोल गेलीय त्या रेषेकडे. मग त्यानं मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“काय रे, मासे रुसले का आज?” फौजदार हसून ओरडला.

तेल्यानं जाळं तसंच धरून ठेवलं. एका शिपायानं मागं वळून तळातल्या पाण्याकडे पाहिलं आणि पुढं वाकला, नीट बघायला. तेव्हा बाबांनी बांधलेल्या हातांनी आपलं वस्त्र ओढलं आणि तिच्या पायावर पसरलं. थंडी वाजणाऱ्या माणसावर घालतात तसं. शिपाई क्षणभर बघत राहिला, मग ओशाळून त्यानं तोंड फिरवलं.

आगबोटीपर्यंत ते तसंच राहिलं.

वरून किल्ली आली, साखळी सुटली. शिडी चढणं बाबांना बेड्यांमुळे जमेना. मग वरून रुंद पट्टा सोडला, गुरं चढवायचा. तो पोटाखालून घालून त्यांना वर ओढलं. ते हवेत गोल फिरले, एकदा समुद्राकडे, एकदा जमिनीकडे. डोळे मिटलेलेच होते. वरची माणसं हसत होती. वल्ह्यांवरची माणसं खाली मान घालून बसली.

परत येताना होडी हलकी होती आणि सांध्यातून पाणी कमी येत होतं, तरी तिनं टाच उचलली नाही. उचलता येत नव्हती.

काठावर फौजदारानं सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं, “ठोक्याच्या सुनेनं काम चोख केलं. कप्तानसाहेबांच्या कानावर घालतो मी.” त्या एका वाक्यानं गर्दी दुभंगली आणि तिला वाट मोकळी झाली. नवरा त्या वाटेच्या टोकाला उभा होता. तो तिच्या पुढं पुढं घरापर्यंत चालला. ती लंगडत होती, हे त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

सासूबाईंनी त्याला गरम पाण्यानं आंघोळ घातली. पाठीवरचे वळ बघून त्या गढीवाल्यांना शिव्या देत होत्या, मधेच त्याचं भादरलेलं डोकं बघून म्हणाल्या, “लहानपणी असाच दिसायचास, भोपळ्यासारखा,” आणि रडू लागल्या. तो जेवला. हात धुताना बायकोला म्हणाला, “तू बुजवलीस होडी?”

“हो.”

“चांगली बुजवलीस.”

मग तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसला.

तेली आला नाही. त्याच्या घाण्याचं तेलही त्या घरात पुन्हा आलं नाही. विहिरीवर आता तिची घागर भरायच्या आधीच बायका निघून जात, आणि सासूबाई एकट्याच मोठमोठ्यानं बोलत राहत, जणू कोणी ऐकतंय.

फौजदारानं होडी पुन्हा अंगणात पाठवली. आगबोट परत आली की सामान उतरवायला लागेल म्हणाला. म्हाताऱ्यानं मुलाला हाक मारली. “हात लाव. पालथी घालायचीय.”

“मी नाही लावणार त्या होडीला हात.”

“लाव.”

म्हातारा सहसा दुसऱ्यांदा बोलत नसे. मुलगा उठला. होडी पालथी झाली. म्हाताऱ्यानं मोगरी घेतली आणि कण्यापासून ठोकत निघाला. टण, टण. शेवटच्या सांध्यावर धप्प झालं. त्यानं मोगरी खाली ठेवली.

“इथं बोट घाल.”

मुलानं बोट घातलं. वरचं पीठ चिखलासारखं सुटून आलं. आतून त्यानं कापडाचं टोक धरून ओढलं. वीतभर, हातभर, काळं पडलेलं, तिच्या डोक्याचं फडकं. ते त्यानं हातात उलगडून पाहिलं. मग तिच्या पायाकडे पाहिलं. टाचेवर फळीच्या कडेची आडवी जखम होती, सुजलेली, तिच्यात अजून काजळी होती.

“मग पाणी का थांबवलंस?” त्याचा आवाज बसला होता.

“साखळीनं बांधलं होतं त्यांना. होडीलाच. बुडाले असते.”

तो होडीच्या कडेवर बसला. म्हातारा घरात निघून गेला.

“तेलीकाकांना सांगतो,” तो म्हणाला. “सगळ्यांना सांगतो. तुला वाटेल ते बोलतात ते.”

“सांग. साखळीचं सांग.”

“बाबा काही बोलले? होडीत?”

ती काथ्या पिंजत होती. समोर तो बसला होता, पाठीवर वळ, हातात ते ओलं फडकं, आणि उत्तराची वाट बघणारं तोंड. कोठाराकडे निघाला त्या सकाळी त्याचं तोंड असंच होतं. तिनं काथ्याचा एक गुंता सोडवला, मग दुसरा.

“माझा पाय गार पडला होता,” ती म्हणाली. “त्यांनी वस्त्र टाकलं माझ्या पायावर.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

त्यानं मान हलवली. ते त्याला पुरलं, असं दिसलं. दिवे लागायच्या आत तो ते तेल्याला जाऊन सांगणार होता, आणि तेली आणखी कोणाला. हळूहळू ते खाडीकाठी सगळीकडे जाणार होतं, बाबांनी शेवटी तिच्या पायावर वस्त्र घातलं म्हणून.

त्यानं आकडा घेतला आणि फट साफ करायला लागला. पिठाचा शेवटचा कण निघेपर्यंत तो उकरत होता. मग त्यानं मागं न बघता हात पुढं केला. तिनं पिळलेली वात त्यावर ठेवली.

“शेवटचा सांधा मी ठोकतो,” तो म्हणाला.

“पाठ दुखतेय ना तुझी?”

“दुखू दे. पहिल्या फेरीला मी बसेन.”

तिनं मोगरी त्याच्याकडे दिली आणि त्याचे ठोके ऐकत बसली. काथ्या जास्त होत होता. आवाजावरून कळत होतं. दोनदा ती सांगायला गेली आणि दोनदा थांबली. तिसऱ्यांदा तिनं उठून त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“थोडा कमी,” ती म्हणाली.